घरातील पाण्याची पाइपलाइन बदलण्याचा खर्च : मोजमापापासून शेवटच्या हप्त्यापर्यंत

पाइपलाइन बदलायची असे ठरले की बहुतेक घरांत पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘फुटाला किती पडेल?’ हा. प्लंबर एक आकडा सांगतो, घरचे लोक तो आकडा अंदाजे फुटांनी गुणतात आणि तेवढे पैसे बाजूला काढून काम सुरू करतात. पंधरा दिवसांनी फरशी फुटलेली असते, गवंडी वेगळा बोलवावा लागतो, रंगारी वेगळा लागतो, आणि खर्च मूळ अंदाजाच्या दुप्पट झालेला असतो. यात प्लंबरने फसवले असे दर वेळी नसते. प्रश्नच चुकीच्या क्रमाने विचारलेला असतो, कारण या कामात पाइपची किंमत एकूण खर्चाचा लहान भाग असते आणि त्याहून मोठा भाग फोडण्याचा व फोडलेले पुन्हा पूर्ववत करण्याचा असतो. म्हणून पुढील टप्पे याच क्रमाने घ्यावेत. दराची चौकशी पाचव्या टप्प्यावर येते, त्याआधी नाही.

टप्पा १ : लाइन खरोखर बदलायची आहे का, याची खात्री

पाणी कमी येते एवढ्यावरून पाइप खराब झाला असे ठरवू नये. आधी नळाच्या तोंडाची जाळी काढून धुवावी, बाथरूमचा व टाकीखालचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का ते पाहावे, आणि मग १५ लिटरची बादली प्रत्येक नळाखाली ठेवून ती किती वेळात भरते ते घड्याळ लावून लिहून ठेवावे. टाकीच्या जवळचा नळ जोरात आणि लांबचा मंद असेल, तर मधल्या पाइपमध्ये गंज किंवा क्षार साचला असण्याची शक्यता मोठी. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्या घरांत हे विशेष दिसते. सगळेच नळ सारखे मंद असतील तर दोष बहुधा टाकीच्या तोंडाशी किंवा टाकीच्या उंचीत असतो.

उंचीचा हिशेब सोपा आहे. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे साधारण १ बार दाब. शॉवरपासून टाकीतील पाणी ३ मीटर उंच असेल तर शॉवरला फक्त ०.३ बार दाब मिळतो, आणि घरातील सगळे पाइप नवे केले तरी तो वाढत नाही. वरच्या मजल्यावरील लोकांनी हा हिशेब केल्याशिवाय पुढे जाऊ नये. तेथे टाकीचा चौथरा उंच करणे किंवा छोटा प्रेशर पंप बसवणे हे पाइप बदलण्यापेक्षा स्वस्त आणि अधिक उपयोगाचे ठरू शकते.

गळतीसाठी रात्री सर्व नळ बंद करून टाकीतील पाण्याची पातळी काठीने मोजावी आणि सकाळी कोणी नळ उघडण्याआधी पुन्हा मोजावी. सुमारे १.१ मीटर व्यासाच्या गोल टाकीत पातळी १ सेंटिमीटरने उतरली तर साधारण ९.५ लिटर पाणी गेले असे समजावे. फ्लशच्या टाकीतील गळती आधी दुरुस्त करून घ्यावी, नाहीतर तिचा दोष भिंतीतल्या पाइपवर जातो.

*तपासणी :* सकाळचे पहिले पाणी तांबूस येणे, लांबच्या नळांचा जोर घटलेला असणे, भिंतीला एकाहून अधिक ठिकाणी ओल असणे आणि गेल्या वर्षभरात दोन-तीनदा दुरुस्ती झालेली असणे, यांपैकी दोन गोष्टी लागू असतील तर पूर्ण लाइन बदलण्याचा विचार योग्य आहे. जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपला एका ठिकाणी नवा तुकडा जोडताना पाना लावून जो पीळ दिला जातो, त्याने शेजारचा गंजलेला आटा तुटतो; म्हणून अशा लाइनीत ठिगळे लावत राहणे शेवटी महाग पडते.

टप्पा २ : मोजमाप आणि हाताने काढलेला नकाशा

प्लंबरला बोलवण्याआधी घरच्या माणसाने एक कागद घेऊन घराचा साधा आराखडा काढावा आणि त्यावर पाण्याचा प्रत्येक पॉइंट दाखवावा. पॉइंट म्हणजे जेथे पाइप संपून नळ, कॉक, फ्लश किंवा उपकरण जोडले जाते ती जागा. येथे मोजणीत नेहमी चूक होते. वॉल मिक्सर एक दिसतो, पण त्याला गरम आणि थंड असे दोन पॉइंट लागतात. गीझरलाही आत जाणारा व बाहेर येणारा असे दोन लागतात.

उदाहरणासाठी दोन बाथरूमचे एक घर घेऊ. प्रत्येक बाथरूममध्ये मिक्सरचे २, गीझरचे २, बेसिनचा १, फ्लश टाकीचा १ आणि जेटचा १ असे ७ पॉइंट, म्हणजे दोन्हींचे १४. स्वयंपाकघरात सिंक आणि पाण्याचा फिल्टर असे २, वॉशिंग मशिनचा १ आणि परड्यातील नळाचा १. एकूण १८ पॉइंट झाले.

यानंतर टेपने लांबी मोजावी : गच्चीवरची आडवी लाइन, खाली उतरणाऱ्या उभ्या लाइनी, आणि घरातील अंतर्गत लाइनी, असे तीन वेगळे आकडे. आपल्या उदाहरणात गच्चीवर ४० फूट, उभ्या लाइनी ५० फूट, आत पाऊण इंची ११० फूट आणि अर्धा इंची ७० फूट धरू. बेरीज २७० फूट. काटछाटीसाठी सुमारे १० टक्के वाढवून ३०० फूट खरेदी धरावी.

*सावधान :* हौदातून गच्चीवर पाणी चढवणारी लाइन आणि महापालिकेच्या जोडणीपासून हौदापर्यंतची लाइन या दोन्ही वेगळ्या लाइनी आहेत. अंदाजपत्रकात त्या धरल्या आहेत की नाहीत हे कागदावर लिहून ठेवावे. ‘सगळे केले’ असे म्हणून ही जुनी लाइन तशीच राहिली, तर तिच्यातला गंज नव्या पाइपमध्ये आणि नळांच्या जाळीत येत राहतो.

टप्पा ३ : पाइप कोणत्या मार्गाने न्यायचा

खर्चावर सर्वांत जास्त परिणाम करणारा निर्णय हाच आहे, आणि यालाच सर्वांत कमी वेळ दिला जातो. जुना पाइप भिंतीत होता म्हणून नवाही भिंतीतच गेला पाहिजे असे काही नाही. तीन मार्ग असतात : जुन्याच जागी भिंत फोडून, भिंतीवरून क्लॅम्पने उघडा, किंवा घराच्या बाहेरच्या अंगाने अथवा डक्टमधून, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागेतून, खाली आणून प्रत्येक बाथरूममध्ये फक्त भोक पाडून आत घेतलेला.

कोल्हापुरातील शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ या भागांतील जुन्या घरांत भिंतींवरच मजल्याचा भार असतो, आणि दोन घरांची भिंत पुष्कळदा सामाईक असते. अशा भिंतीत आडवी झिरी, म्हणजे पाइप बसवण्यासाठीची खाच, काढणे धोक्याचे आहे. बांधकामाच्या भिंतींविषयीच्या आयएस १९०५ या मानकानुसार उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एकतृतीयांशापेक्षा आणि आडवी झिरी एकषष्ठांशापेक्षा खोल असू नये. म्हणजे ९ इंची, २३० मिलिमीटर भिंतीत आडवी झिरी जास्तीत जास्त ३८ मिलिमीटर. साडेचार इंची, ११५ मिलिमीटर भिंतीत ती फक्त १९ मिलिमीटर. आणि पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाणीही सोसणाऱ्या प्लास्टिकच्या) पाइपचा बाहेरचा व्यासच सुमारे २२ मिलिमीटर असतो. त्या भिंतीत आडवा पाइप पुरणे म्हणजे भिंत कापणेच होय. तेथे पाइप वरून आणून उभा उतरवावा किंवा भिंतीवरून न्यावा. मातीने सांधलेल्या भिंतीत तर उभ्या झिरीलाही ब्रेकर (विजेवर चालणारे फोडण्याचे यंत्र) वापरू नये. छिन्नी-हातोड्याने, थोड्या थोड्या लांबीत काम घ्यावे. सामाईक भिंत असेल तर शेजाऱ्यांशी आधी बोलणे हा कामाचाच भाग आहे.

राजारामपुरी, ताराबाई पार्क किंवा कसबा बावडा भागातील आरसीसी इमारतींत भार कॉलम-बीमवर असतो आणि भिंती फक्त मधली जागा भरतात, त्यामुळे हा धोका कमी. पण कॉलम आणि बीम कापायचे नाहीत हा नियम तेथे अधिक कडक आहे. पाइप आडवा येतो म्हणून बीमची कड फोडलेली मी दोन ठिकाणी पाहिली आहे. दोन्ही ठिकाणी आतली सळई उघडी पडली होती आणि वरून नुसते प्लास्टर थापले होते. असे काम दिसले तर त्याच क्षणी थांबवावे.

माझे मत स्पष्ट आहे : ज्या घरात बाथरूमची फरशी आणि टाइल्स चांगल्या आहेत आणि बाहेरच्या भिंतीला हात लागतो, तेथे बाहेरचा मार्गच घ्यावा. पाइप थोडा दिसतो, पण पुढे गळती झाली तर ती त्याच दिवशी दिसते आणि फोडल्याशिवाय दुरुस्त होते. टाइल्स तशाही बदलायच्या असतील तर मात्र भिंतीतला मार्ग घेण्याची तीच योग्य वेळ आहे.

*तपासणी :* फ्लॅटमध्ये डक्टमधील उभ्या लाइनी बहुधा सर्वांच्या असतात. त्या बदलण्याचा खर्च कोण किती उचलणार हे सोसायटीच्या बैठकीत लेखी ठरल्यावरच त्यांना हात लावावा.

टप्पा ४ : पाइपची निवड

घरातील गरम व थंड पाण्यासाठी सध्या सीपीव्हीसी सर्वाधिक वापरला जातो. त्याचे मानक आयएस १५७७८ आहे आणि पाइपवर हा क्रमांक, आयएसआय चिन्ह व एसडीआर आकडा छापलेला असतो. एसडीआर म्हणजे पाइपचा बाहेरचा व्यास त्याच्या भिंतीच्या जाडीच्या किती पट आहे तो आकडा, त्यामुळे एसडीआर ११ आणि एसडीआर १३.५ यांत लहान आकड्याची भिंत जाड असते. मोठा आकडा म्हणजे मजबूत, असा समज करून घेऊन पुष्कळ लोक उलटे घेतात. भिंतीत पुरायच्या आणि गरम पाण्याच्या लाइनीला एसडीआर ११ घ्यावा. पांढरा यूपीव्हीसी पाइप थंड पाण्यापुरताच वापरावा. गीझरच्या लाइनीला तो चालत नाही. जीआय घ्यायचा असेल तर आयएस १२३९ मधील हलका, मध्यम आणि जड हे वर्ग अनुक्रमे पिवळ्या, निळ्या आणि लाल पट्ट्याने ओळखले जातात, आणि घरकामाला किमान मध्यम वर्ग घ्यावा. पीपीआर हा दुसऱ्या प्रकारच्या प्लास्टिकचा पाइपही चांगला आहे, परंतु त्याचे सांधे तापवून जोडावे लागतात आणि ते यंत्र व त्याची सवय असलेला कारागीर नंतरच्या दुरुस्तीलाही मिळाला पाहिजे.

कोल्हापुरात ज्या घरांच्या गच्चीवर सोलर आहे त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सीपीव्हीसी साधारण ९३ अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यासाठी असतो. उन्हाळ्यात घर चार दिवस बंद राहिले तर सोलरच्या टाकीतील पाणी त्याच्या फार जवळ जाऊ शकते. म्हणून सोलर टाकीतून निघणारा पहिला भाग धातूचा ठेवावा आणि सीपीव्हीसी त्याच्या पुढे जोडावा. गॅस गीझरच्या तोंडालाही धातूचाच तुकडा लावावा. गरम पाण्याने पाइप लांबतो हेही धरावे लागते : ३ मीटर सीपीव्हीसी पाइप ४० अंशांनी तापला तर सुमारे ८ मिलिमीटर वाढतो. क्लॅम्प त्याला घट्ट आवळणारे नकोत. पाइप सरकू शकेल असे हवेत, आणि आडव्या लाइनीत सुमारे ९० सेंटिमीटरवर एक असे हवेत.

*सावधान :* सांधे चिकटवण्याचे सोल्युशन सीपीव्हीसीचे वेगळे आणि यूपीव्हीसीचे वेगळे. उरलेले जुने, घट्ट झालेले सोल्युशन वापरू देऊ नये. पाइप आणि फिटिंग एकाच कंपनीचे घ्यावेत. नळ जोडायच्या जागी पितळी आट्यांचेच फिटिंग घ्यावे, कारण प्लास्टिकच्या आट्यात धातूचा नळ आवळताना तो आटा भिंतीतच चिरतो आणि चीर काही आठवड्यांनी ओल बनून दिसते.

टप्पा ५ : खर्चाचा तक्ता मांडणे

आता दर विचारायला हरकत नाही. खालील दर हिशेबाची रीत दाखवण्यासाठी धरलेले आहेत. त्यांच्या जागी आपल्याला शहरातील दोन-तीन दुकानांतून व कारागिरांकडून मिळालेले दर लिहावेत. वर मोजलेले १८ पॉइंटचे घर आणि भिंतीतला मार्ग धरू.

- पाइप : ३०० फूट, सरासरी ५५ रुपये – १६,५०० रुपये
- एल्बो (वळणाचा तुकडा), टी, रिड्युसर, पितळी फिटिंग : पाइपच्या निम्मे – ८,२५० रुपये
- बॉल व्हॉल्व्ह : ६ नग, प्रत्येकी ४०० – २,४०० रुपये
- सोल्युशन, क्लॅम्प, टेफ्लॉन टेप : १,५०० रुपये
- प्लंबरची मजुरी : १८ पॉइंट, प्रत्येकी ७०० – १२,६०० रुपये
- गच्चीवरील व उभ्या लाइनीची मजुरी : ९० फूट, २५ रुपये – २,२५० रुपये
- झिरी काढणे व भरणे : १२० फूट, ४५ रुपये – ५,४०० रुपये
- टाइल्स व त्या बसवणे : ६० चौरस फूट, १३० रुपये – ७,८०० रुपये
- फोडलेल्या भागाचे वॉटरप्रूफिंग : ४,००० रुपये
- गिलावा व रंग : ६,५०० रुपये
- खरमाती उचलणे : २,००० रुपये

बेरीज ६९,२०० रुपये. यात पाइपचे १६,५०० रुपये, म्हणजे पाव हिस्साही नाहीत. वर १५ टक्के राखीव, १०,३८० रुपये धरले की ७९,५८० रुपये होतात, आणि एवढी रक्कम हाताशी असल्याशिवाय भिंतीला छिन्नी लावू नये. जुन्या घरात राखीव रक्कम २० टक्के ठेवावी, कारण फोडल्यावर सांडपाण्याचा पाइपही बदलण्याच्या अवस्थेत सापडणे हे नेहमीचे आहे.

याच घरात बाहेरचा मार्ग घेतला असता तर झिरी, टाइल्स, वॉटरप्रूफिंग, रंग आणि खरमाती या पाच ओळींचे २५,७०० रुपये होतात, ते भोके पाडणे, थोड्या टाइल्स व डागडुजी धरून ५,२०० रुपयांवर येतात. जादा क्लॅम्प आणि आवरणाचे १,५०० रुपये धरले तरी १९,००० रुपये वाचतात. पाइपवर दुकानदाराशी घासाघीस करून १० टक्के सूट मिळवली तर तिचे मोल १,६५० रुपये. कोणत्या निर्णयावर वेळ घालवायचा हे या दोन आकड्यांवरून ठरवावे.

*तपासणी :* दुकानदाराने सांगितलेला दर छापील किमतीवरचा आहे की सूट वजा करून, आणि १८ टक्के जीएसटी त्यात धरला आहे की वर लागणार, हे दोन्ही प्रश्न प्रत्येक दुकानात विचारावेत. दोन कोटेशनची तुलना चुकते ती बहुतेक वेळा येथेच. न वापरलेले फिटिंग परत घेणार का, हेही खरेदीच्या वेळीच ठरवावे.

टप्पा ६ : कोटेशन आणि लेखी बोली

काम हजेरीवर द्यावे, पॉइंटच्या दराने द्यावे की सगळे उक्ते द्यावे, हा प्रश्न नेहमी येतो. हजेरीवर दिले की काम लांबते. सगळे उक्ते दिले की माल हलका येण्याची भीती असते. माल आपण घ्यावा आणि मजुरी पॉइंटच्या दराने ठरवावी, हा मला सर्वांत सुरक्षित मार्ग वाटतो. मात्र पॉइंटच्या दरात काय काय येते हे लिहून घ्यावे : झिरी प्लंबर काढणार की गवंडी, ती भरणार कोण, जुने नळ काढून पुन्हा बसवणे त्यात आहे का, दाबचाचणीचा पंप कोण आणणार, आणि जुना जीआय पाइप मोडीत घातल्यावर पैसे कोणाचे. शेवटचा मुद्दा लहान वाटतो, पण त्यावरून शेवटच्या दिवशी वाद झालेले मी पाहिले आहेत.

पैसे पाच भागांत द्यावेत. काम सुरू होताना २० टक्के, पाइप टाकून झाल्यावर ३० टक्के, दाबचाचणी पूर्ण झाल्यावर ३० टक्के आणि नळ बसवून सर्व चालू झाल्यावर १० टक्के. उरलेले १० टक्के एक महिन्यानंतर.

टप्पा ७ : रस्त्याकडील जोडणी

महापालिकेच्या मुख्य वाहिनीपासून घरापर्यंतचा पाइप बदलायचा असेल तर पाणीपुरवठा विभागाची परवानगी आणि परवानाधारक प्लंबर लागतो, आणि रस्ता खोदायचा असेल तर त्याचे शुल्क वेगळे भरावे लागते. हा अर्ज घरातील काम सुरू होण्याच्या बऱ्याच आधी करावा. अर्जापूर्वी पाणीपट्टीची थकबाकी राहिलेली नाही याची खात्री करावी.

हा पाइप गटारीतून किंवा गटारीला लागून गेला असेल तर खर्च वाचवण्यासाठी तो तसा ठेवू नये. पाणी दिवसातून ठराविक वेळच येते. उरलेल्या वेळात पाइप रिकामा असतो, आणि गंजलेल्या रिकाम्या पाइपमध्ये बाहेरचे घाण पाणी शिरते. नवा पाइप गटारीच्या वरून, आवरणातून न्यावा. मोटर थेट महापालिकेच्या जोडणीवर लावू नये. ते नियमबाह्य आहेच, शिवाय ओढ बसल्यामुळे हीच घाण अधिक जोराने आत येते.

टप्पा ८ : छिन्नी लागण्यापूर्वीची तयारी

हे काम दिवाळीनंतर ते मे महिन्याच्या मध्यापर्यंत घ्यावे. कोल्हापूरच्या पावसात गिलावा वाळत नाही, रंग धरत नाही, आणि ओल जुनी आहे की नव्या गळतीची आहे हे कळत नाही.

सर्वांत महत्त्वाची तयारी विजेची आहे, आणि तीच विसरली जाते. जुन्या घरांत कित्येकदा अर्थिंगची तार पाण्याच्या जीआय पाइपला बांधलेली असते. तो पाइप काढून प्लास्टिकचा टाकला की घराचे अर्थिंग नाहीसे होते, आणि गीझर किंवा वॉशिंग मशिनच्या अंगात करंट उतरला तरी त्याला वाट राहत नाही. काम सुरू होण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे आणि स्वतंत्र अर्थिंग करून घ्यावे. हा खर्च वरच्या तक्त्यात नाही. लागू असेल तर तो वाढवावा.

घर राहते असेल तर एक तात्पुरता नळ आणि एक बाथरूम चालू राहील असा क्रम ठरवावा. माणशी दिवसाला १३५ लिटर हे नियोजनाचे प्रमाण धरले तर चार माणसांना ५४० लिटर लागतात. टाकी बंद ठेवायच्या दिवसांपुरती तेवढी साठवण हवी, किंवा वापर निम्म्यावर आणण्याची घरच्यांची तयारी हवी.

टप्पा ९ : कामाचा क्रम

गच्चीवरून सुरुवात करून खाली यावे. आधी टाकीचे तोंड आणि मुख्य व्हॉल्व्ह, मग गच्चीवरील आडवी लाइन, मग उभ्या लाइनी, आणि शेवटी एकेक बाथरूम. जुनी लाइन चालू ठेवूनच नवी लाइन बाहेरून तयार करता आली तर घराचे पाणी दोन-तीन दिवसांऐवजी काही तासच बंद राहते.

टाकीतून उतरणाऱ्या प्रत्येक लाइनीला व्हॉल्व्हच्या पुढे वर उघडा हवेचा पाइप ठेवावा आणि त्याचे तोंड टाकीतील पाण्याच्या पातळीपेक्षा उंच असावे. तो नसला तर लाइनीत हवा अडकते, नळ थुंकत चालतो, आणि नव्या पाइपमध्येही जोर कमी का, याचा शोध आठवडाभर चालतो. प्रत्येक बाथरूमला आणि स्वयंपाकघराला वेगळा व्हॉल्व्ह द्यावा. सहा व्हॉल्व्हचे २,४०० रुपये वाचवण्यासाठी पुढील प्रत्येक दुरुस्तीला सगळ्या घराचे पाणी बंद करावे लागते.

सांध्याच्या वेळी शक्य असेल तेवढे स्वतः उभे राहावे. पाइप सरळ कापला पाहिजे, कापलेल्या कडेचा भुसा आतून-बाहेरून काढला पाहिजे, सोल्युशन पाइप व फिटिंग दोन्हींना लावून पाइप पूर्ण आत ढकलताना पाव फेरा दिला पाहिजे आणि काही सेकंद दाबून धरले पाहिजे. ओल्या पाइपवर सांधा धरत नाही. वॉल मिक्सरच्या दोन तोंडांतील मध्य ते मध्य अंतर १५० मिलिमीटर, दोन्ही एका पातळीत, समोर उभे राहिल्यावर डावीकडे गरम आणि उजवीकडे थंड. आणि तोंड नव्या टाइलच्या पृष्ठभागाबरोबर येईल एवढेच बाहेर. टाइलची जाडी न धरता तोंड आत राहिले तर पुढे जोडतुकडे लावावे लागतात, आणि गळती तेथूनच सुरू होते.

*सावधान :* गच्चीवर उन्हात राहणाऱ्या सीपीव्हीसी व यूपीव्हीसी पाइपला पाण्यात कालवायचा पांढरा रंग किंवा आवरण द्यावे. ऑइल पेंट आणि थिनर लावू नये; त्यांतील द्रावणाने पाइप कमकुवत होतो.

टप्पा १० : भिंत बंद करण्याआधीची दाबचाचणी

या लेखातील एकच टप्पा पाळायचा असेल तर तो हा पाळावा. माझ्या स्वतःच्या घरी गवंडी दुसऱ्या दिवशी येणार नव्हता म्हणून प्लंबरने ‘पाणी सोडून बघितलंय, एक थेंब नाही’ असे सांगितले आणि त्याच संध्याकाळी झिरी भरून टाकल्या. सहाव्या आठवड्यात माजघराच्या भिंतीला ओल आली. गळती एका एल्बोची होती, तो काही रुपयांचा होता, आणि त्याच्यासाठी ११ टाइल्स फुटल्या. त्या रंगाच्या टाइल्स तोपर्यंत बाजारातून गेल्या होत्या.

टाकीचे पाणी सोडून पाहणे ही चाचणी नव्हे, कारण त्याचा दाब अर्ध्या बारहून कमी असू शकतो. शेवटचा सांधा जोडल्यानंतर २४ तास जाऊ द्यावेत. सर्व तोंडे प्लगने बंद करावीत, गीझर आणि उपकरणे जोडलेली नसावीत. लाइन खालून हळूहळू भरून वरच्या तोंडातून हवा पूर्ण काढावी, मग हातपंपाने दाब द्यावा. घरगुती सीपीव्हीसी लाइनीसाठी १० किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब एक तास ठेवण्याची पद्धत आहे. आपल्या कंपनीच्या पत्रकात वेगळा आकडा असेल तर तो पाळावा. काटा खाली आला तर प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने पुसून पाहावा. गळका सांधा वरून सोल्युशन फासून दुरुस्त होत नाही. तो कापून नवा करावा आणि चाचणी पुन्हा पहिल्यापासून घ्यावी.

*सावधान :* प्लास्टिकच्या पाइपची चाचणी कॉम्प्रेसरच्या हवेने कधीही करू नये. दाबलेली हवा असलेला पाइप फुटला तर तुकडे गोळीसारखे उडतात.

*तपासणी :* काटा स्थिर असताना घड्याळासह त्याचा फोटो घ्यावा. नंतर प्रत्येक भिंतीला टेप लावून, जमिनीपासूनचे व कोपऱ्यापासूनचे अंतर दिसेल असे उघड्या पाइपचे फोटो काढावेत. दोन वर्षांनी कोणी त्या भिंतीत कपाटाचा खिळा मारणार असेल तेव्हा हे फोटो लागतात.

टप्पा ११ : बंद करणे, धुणे आणि शेवटचा हप्ता

झिरी भरताना पाइपभोवती दगडगोट्यांचे तुकडे कोंबू नयेत. बारीक मसाल्याने भरावे आणि रुंद झिरीवर जाळी लावून गिलावा करावा, नाहीतर पाइपच्या रेषेतच तडा जातो. बाथरूमची फरशी फोडली असेल तर वॉटरप्रूफिंगनंतर तेथे किमान २४ तास पाणी साठवून खालच्या छताला ओल येते का पाहावे, आणि मगच टाइल्स बसवाव्यात.

नळ बसवण्यापूर्वी लाइन मोकळी सोडून धुवावी. आतला भुसा, टेपचे तुकडे आणि वाळू मिक्सरमध्ये गेली की नवा मिक्सर पहिल्याच दिवशी अडकतो. टाकी धुवून भरावी. सोल्युशनचा वास पूर्ण जाईपर्यंत ते पाणी पिण्यास वापरू नये.

शेवटी पहिल्या टप्प्यातील बादलीचा कागद काढून प्रत्येक नळाची वेळ पुन्हा लिहावी, आणि टाकीची रात्रीची पातळी पुन्हा मोजावी. महिन्याभराने हीच दोन मोजमापे परत घ्यावीत. आकडे तेच राहिले आणि कोठे ओल दिसली नाही, तर राखून ठेवलेले १० टक्के प्लंबरला द्यावेत, आणि नकाशा, फोटो, पाइपची बिले व कंपनीचे पत्रक एका पाकिटात घालून घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवावे.